एकदा काढलेला, हजारदा विकलेला

१ जून २०२० रोजी न्यूयॉर्कच्या शटरस्टॉक कंपनीने आपल्याकडे फोटो ठेवणाऱ्या जगभरच्या फोटोग्राफरांचा मोबदला बदलला. तसं कळवलं होतं जेमतेम आठवडाभर आधी. तोवर एका डाउनलोडमागे नवख्याला २५ सेंट मिळायचे. एकूण कमाई साठत जाईल तसा हा दर ३८ सेंटांपर्यंत चढायचा आणि एकदा चढलेली पायरी पुन्हा उतरावी लागत नसे. नव्या नियमात दराच्या जागी टक्केवारी आली, १५ पासून ४० पर्यंत, आणि दर १ जानेवारीला प्रत्येकाने पुन्हा तळापासून सुरुवात करायची असं ठरलं. एका फोटोमागचा किमान मोबदला १० सेंटांवर आला. त्या वेळच्या भावाने साडेसात रुपये. दिवस टाळेबंदीचे होते, लग्नाकार्यांची कामं बंद पडली होती. जुने फोटो चढवून घरबसल्या चार पैसे मिळतील या आशेवर असलेल्यांच्या हाती नेमकं हे पत्र पडलं. अनेकांनी रागाने आपला अख्खा संग्रह विक्रीतून काढून घेतला. दर तसेच राहिले.

या दहा सेंटांबद्दल चीड यावी हे योग्यच आहे. पण हा आकडा एका बैठकीत जन्मलेला नाही. फोटो आधी काढून ठेवायचा, गिऱ्हाईक नंतर शोधायचं आणि तोच फोटो पुन्हा पुन्हा विकायचा, या धंद्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. या काळात विकली जाणारी वस्तू अनेकदा बदलली आणि दर बदलाबरोबर हिशेबाच्या वहीतून कोणाचं तरी नाव गळत गेलं. सर्वांत आधी गळलं ते फोटोतल्या माणसाचं. आणि त्याचा एक ठळक पुरावा आपल्या मुंबईतला आहे.

विल्यम जॉन्सन हा नोकरीनिमित्त मुंबईत आलेला इंग्रज. पुढे त्याने फोटोचा स्टुडिओ काढला. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी तो एक. हेंडरसन नावाच्या भागीदाराबरोबर त्याने १८५६ ते १८५८ या काळात एक फोटोंचं नियतकालिक चालवलं. फोटो शाईने छापायचं तंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून प्रत्येक अंकात खरे प्रिंट चिकटवलेले असत. त्याचं मोठं काम आलं ते १८६३ आणि १८६६ मध्ये, लंडनहून, दोन खंडांत: ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’. पहिला खंड गुजरात, कच्छ आणि काठियावाडचा, दुसरा महाराष्ट्राचा. पानोपानी मुंबईत दिसणारे लोक, जातीजमातींप्रमाणे मांडलेले. माणसाची ओळख म्हणून दिलेली असते ती त्याची जात किंवा पेशा.

यातले बरेचसे फोटो नीट पाहिले की लक्षात येतं, ही माणसं मागे दिसणाऱ्या जागी कधी उभीच नव्हती. जॉन्सनने त्यांचे फोटो वेगळे काढले, आकृत्या कापून घेतल्या आणि दुसरीकडे टिपलेल्या दृश्यांवर बसवल्या. कुठे पायांखालची जमीन जुळत नाही, कुठे सावली खटकते. लंडनमधल्या वाचकाला याने काही फरक पडत नव्हता. त्याला अमुक एक माणूस नको होता, ‘मुंबईचा असा असा माणूस’ हवा होता, आणि तो तयार करून ठेवलेला होता. मला या व्यवसायाचं मूळ इथे दिसतं. फोटोतला माणूस तो स्वतः न राहता एखाद्या प्रकाराचा प्रतिनिधी झाला, की तो फोटो कोणालाही, कशासाठीही विकता येतो. आज ‘आनंदी भारतीय कुटुंब’ असं लिहून शोधल्यावर जे चेहरे समोर येतात, त्यांचे पूर्वज या पुस्तकात उभे आहेत.

धंद्याची दुसरी बाजू, म्हणजे क्रमांक आणि कॅटलॉग, ही सॅम्युएल बोर्नने नावारूपाला आणली. तो १८६३ मध्ये भारतात आला. हिमालयात त्याने तीन मोठ्या मोहिमा केल्या; काचेच्या प्लेटा, रसायनं आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू वाहायला हमालांचे तांडे असत. त्याच्या निगेटिव्हना क्रमांक होते आणि बोर्न अँड शेफर्ड या त्याच्या स्टुडिओच्या छापील कॅटलॉगातून गिऱ्हाईक क्रमांक सांगून प्रिंट मागवत असे. बोर्न १८७० च्या सुमारास मायदेशी परत गेला, पण त्याच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढून विकणं पुढे कित्येक दशकं चालूच राहिलं. १९९१ मध्ये कोलकात्यातल्या स्टुडिओला आग लागून संग्रहाचा मोठा भाग गेला आणि २०१६ मध्ये स्टुडिओच बंद झाला. फोटो काढणारा निघून गेल्यावरही फोटो कमावत राहतो, हे त्या कॅटलॉगने दाखवून दिलं. कमाई मात्र निगेटिव्ह ज्याच्या कपाटात, त्याची.

तोपर्यंत विकला जात होता तो कागद. १८८० नंतर फोटो शाईने छापणारे हाफटोन ब्लॉक आले, वर्तमानपत्रं आणि मासिकं फोटो छापू लागली आणि कागदाऐवजी छापण्याची परवानगी ही विकायची वस्तू झाली. हा बदल वरवर लहान वाटतो, पण याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. एकच प्रिंट शंभर संपादकांना पाळीपाळीने देता येतो आणि शंभरदा पैसे घेता येतात. १९२० मध्ये फिलाडेल्फियात एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्‌स यांनी अशी एजन्सी सुरू केली. कोणी सांगितलेलं काम नसतानाही, कधीतरी कोणाला तरी लागतील म्हणून ते फोटो काढून ठेवत: बाळं, शेतं, विमानं, मोटारी, जेवणाच्या टेबलाभोवतीची कुटुंबं.

ओटो बेटमान यांची गोष्ट वेगळी. बर्लिनच्या सरकारी कलाग्रंथालयात ते दुर्मीळ पुस्तकांचे अभिरक्षक होते. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत नोकरी गेली आणि १९३५ मध्ये ते अमेरिकेला निघाले. बरोबर दोन मोठ्या पेट्या होत्या आणि त्यांत सुमारे २५,००० चित्रं आणि फोटो. पुढच्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये बेटमान आर्काइव्ह उघडलं. बेटमान स्वतः फोटोग्राफर नव्हते, ग्रंथपाल होते, आणि त्यांच्या धंद्याचं बळ तिथेच होतं. प्रत्येक चित्राचं कार्ड, कार्डावर छोटी प्रत आणि विषयांच्या नोंदी. चित्र कितीही सुंदर असलं तरी घाईत असलेल्या संपादकाला ते दहा मिनिटांत सापडलं नाही तर त्याची किंमत शून्य, हे त्यांनी ओळखलं. आज फोटो चढवताना जे वीस-तीस किंवा पन्नास कीवर्ड लिहावे लागतात, ते या कार्डांचे थेट वंशज. आणि इथेच पारडं पहिल्यांदा कलंडलं. काढणाऱ्यापेक्षा शोधून देणाऱ्याचं वजन जास्त झालं ते कायमचं.

तरीही १९७० आणि ८० ची दशकं फोटोग्राफरांसाठी चांगली होती आणि ती का चांगली होती हे नीट पाहायला हवं. लंडनची टोनी स्टोन, न्यूयॉर्कची इमेज बँक अशा एजन्सींनी जाड, चकचकीत कॅटलॉग छापले. जाहिरात संस्थांच्या कला दिग्दर्शकांच्या टेबलावर ते असत. फोटो निवडला की मूळ स्लाइड कुरिअरने जायची आणि काम झालं की परत यायची. किंमत ठरायची ती वापरावर: कोणतं उत्पादन, कोणता देश, किती प्रती, मुखपृष्ठ की आतलं पाव पान, किती महिने. मोटार कंपनीची वर्षभराची जाहिरात आणि शाळेचं पाठ्यपुस्तक यांना एकाच फोटोचे वेगवेगळे पैसे पडत. साधारणपणे निम्मे एजन्सीचे, निम्मे फोटोग्राफरचे. आणि हिशेबाच्या कागदावर गिऱ्हाईक कोण आणि वापर कसला हे लिहिलेलं असायचं. आपला फोटो कुठे गेला हे काढणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून चोरी पकडता यायची, आणि काय खपतं हे कळून पुढचं काम ठरवता यायचं. मुंबईत जगदीश अगरवाल यांनी १९८७ मध्ये दिनोदिया ही फोटो लायब्ररी सुरू केली तीही याच रीतीची. भारतीय फोटोग्राफरांचे भारतीय विषयांवरचे फोटो एका जागी मिळण्याची सोय तिने केली.

या रीतीचं सर्वांत प्रसिद्ध अपत्य जवळपास प्रत्येकाने पाहिलेलं आहे. जानेवारी १९९६ मध्ये चार्ल्स ओ’रिअर कॅलिफोर्नियात नापाहून सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने गाडीने जात होते. नुकताच पाऊस पडून गेला होता. रस्त्याकडेला एक हिरवीगार टेकडी दिसली. एरवी तिथे द्राक्षांचे मळे असायचे, पण फायलोक्झेरा या किडीमुळे वेली उपटाव्या लागल्या होत्या आणि मोकळ्या जमिनीवर गवत माजलं होतं. ओ’रिअर यांनी मामिया कॅमेऱ्यावर काही फ्रेम घेतल्या आणि त्यांचा सहभाग असलेल्या वेस्टलाइट एजन्सीकडे दिल्या. १९९८ मध्ये वेस्टलाइट कॉर्बिस या बड्या कंपनीने विकत घेतली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने या फोटोचे हक्क मागितले. रक्कम इतकी मोठी होती की तेवढ्या विम्याची जोखीम घ्यायला कुरिअर कंपन्या तयार होईनात, म्हणून ओ’रिअर स्वतः विमानाने फिल्म घेऊन गेले. नेमकी रक्कम उघड न करण्याचं बंधन करारात आहे. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि ती टेकडी जगभरच्या पडद्यांवर पसरली. कोणाच्या सांगण्याशिवाय, वाटेत थांबून काढलेला फोटो. चार वर्षांनी आलेलं गिऱ्हाईक. आणि काढणाऱ्याच्या नावावर जमा झालेली मोठी रक्कम. स्टॉक फोटोग्राफीचं स्वप्न ज्याला म्हणतात ते हेच. अनेकजण आजही या स्वप्नापायी फोटो चढवतात, म्हणून सांगायला हवं की ज्या व्यवस्थेत ते खरं झालं ती तेव्हाच मोडायला लागली होती.

१९९१ मध्ये सिअ‍ॅटलला फोटोडिस्क ही कंपनी सुरू झाली. तिने सीडीवर शेकडो फोटो भरले आणि एक रक्कम घेऊन विकले. एकदा घेतले की हवे तेव्हा, हवे तिथे, हवे तितक्यांदा वापरा. यालाच रॉयल्टी-फ्री म्हणू लागले. गिऱ्हाइकाला हे फार सोयीचं होतं, दर वेळी फोन करून भाव ठरवायची कटकट संपली. पण त्याबरोबर वापराची नोंदही संपली. फोटो पाठ्यपुस्तकात गेला की सिगारेटच्या जाहिरातीत, हे आता ना एजन्सीला कळे ना फोटोग्राफरला. वहीतला तो रकानाच गेला.

त्याच सुमारास मोठं भांडवल उतरलं. बिल गेट्स यांनी १९८९ मध्ये एक कंपनी काढली होती. पुढे घराघरांत भिंतींवर पडदे असतील आणि त्यांवर लोक चित्रं दाखवतील, असा त्यांचा अंदाज. हीच पुढे कॉर्बिस झाली. १९९५ मध्ये तिने बेटमान आर्काइव्ह घेतलं. त्याच वर्षी जोनाथन क्लाइन आणि तेलसम्राट जे. पॉल गेटी यांचे नातू मार्क गेटी यांनी गेटी ही कंपनी उभी करून टोनी स्टोन घेतली, मग फोटोडिस्क, मग इमेज बँक. पाच-सात वर्षांत अनेक छोट्या एजन्सींच्या धंद्याची सूत्रं दोन दारांमागे गेली. बेटमानच्या निगेटिव्ह आणि प्रिंट खराब होत चालले होते, म्हणून कॉर्बिसने ते २००१ च्या पुढे पेनसिल्व्हेनियातल्या बॉयर्स इथल्या चुनखडीच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली ६० मीटरहून खोल, थंडगार कोठारात हलवले. एक कोटीहून जास्त चित्रं, आणि त्यांतली संगणकावर उतरवलेली तेव्हा दोन-सव्वादोन लाखच. जतन म्हणून हे काम उत्तम झालं, ते मी मनापासून मान्य करते. पण कॉर्बिसला धंदा म्हणून बस्तान बसवता आलं नाही. २०१६ मध्ये तिचे संग्रह चीनच्या व्हिज्युअल चायना ग्रुपकडे गेले आणि चीनबाहेरच्या विक्रीचं काम गेटीकडे.

ही दोन दारं एका वेगळ्याच गावातून खिळखिळी झाली. कॅनडातल्या कॅलगरीत ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी २००० मध्ये आपले फोटो इंटरनेटवर फुकट ठेवले. इतर डिझायनरही आपापले फोटो ठेवू लागले, देवाणघेवाण वाढली, सर्व्हरचा खर्च भागेना म्हणून फोटोमागे २५ सेंट घ्यायला सुरुवात झाली. हेच आयस्टॉकफोटो. २००३ मध्ये न्यूयॉर्कचे जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेल्या सुमारे ३०,००० फोटोंनिशी शटरस्टॉक उघडलं आणि महिन्याची वर्गणी ठेवली. त्याच वर्षी कॅननने हजार डॉलरच्या आतला डिजिटल एसएलआर बाजारात आणला. ज्या फोटोला शंभर-दीडशे डॉलर पडत, तसाच फोटो एक-दोन डॉलरला मिळू लागला. फेब्रुवारी २००६ मध्ये गेटीने आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरना घेतलं. त्याच वर्षी जेफ हाउ यांनी ‘वायर्ड’ मासिकात क्राउडसोर्सिंगवर गाजलेला लेख लिहिला, त्याची सुरुवात याच उदाहरणाने होती.

जुन्या फोटोग्राफरांनी या काळाला शिव्या दिल्या. त्यांचं नुकसान खरंच झालं. पण मला त्यांची बाजू पूर्णपणे घेता येत नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या एजन्सीत शिरायला ओळखी लागत, महागडी उपकरणं लागत, शेकडो स्लाइड पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. कीवमधला विद्यार्थी, बँकॉकमधली गृहिणी, साताऱ्यातला लग्नाचे फोटो काढणारा तरुण यांना ते दार कधी उघडलं नसतं. मायक्रोस्टॉकने, म्हणजे इंटरनेटवरच्या या स्वस्त विक्रीने, ते उघडलं, आणि काहींची घरं त्यावर चालली. भारतात संदीप माहेश्वरी यांनी २००६ मध्ये इमेजेसबाजार सुरू केलं, कारण परदेशी संग्रहांत भारतीय चेहरे पुरेसे नव्हते आणि इथल्या बँकेच्या, विम्याच्या जाहिरातींना ते हवे होते. डेन्मार्कच्या युरी आर्कर्स यांच्यासारख्यांनी तर पगारी माणसं ठेवून मोठे स्टुडिओ उभारले आणि खपेल तेच मोजूनमापून काढलं.

मोजमाप आलं तसा फोटोही बदलला. कुठलंही गाव ओळखू न येणारं ऑफिस, कुठल्याही ऋतूत चालेल असा प्रकाश, पांढरी पार्श्वभूमी, हसरे चेहरे. जितका फोटो नेमका, तितकी गिऱ्हाइकं कमी, म्हणून नेमकेपणा वजा करत जायचं. जॉन्सनच्या पुस्तकातली बिननावाची माणसं इथे पुन्हा उभी राहिली, फरक इतकाच की आता त्यांनी मॉडेल रिलीजवर सही केलेली होती. एकदा ठरलेले पैसे घ्यायचे आणि आपला चेहरा कशावर झळकतो त्यावरचा हक्क सोडायचा. हंगेरीचे विद्युत अभियंता आंद्राश आराटो यांनी असेच काही फोटो दिले. नंतर स्वतःचा चेहरा शोधताना त्यांना आढळलं की त्यांच्या अवघडलेल्या हसण्यावर जगभर विनोद चाललेत. पुढे त्यांनी धीराने त्या प्रसिद्धीचा आपल्या परीने उपयोग करून घेतला. पण किती जणांना ते जमेल?

वर्गणी आली आणि फोटोची स्वतंत्र किंमतच नाहीशी झाली. गिऱ्हाईक महिन्याचे पैसे भरतं, त्यात भरपूर फोटो उतरवतं; फोटोग्राफरला मिळतो तो त्या रकमेचा एक कण. मग त्याहून पुढचं पाऊल पडलं, आणि ते फारसं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही. २०१३ च्या सुरुवातीला आयस्टॉकच्या फोटोग्राफरांना कळलं की गेटीने त्यांचे हजारो फोटो गूगलला दिले आहेत आणि गूगल ड्राइव्ह वापरणारा कोणीही ते आपल्या कामात घालू शकतो. अनेकांच्या खात्यात एका फोटोमागे १२ डॉलर जमा झाले होते, तेही एकदाच. किती लोक वापरणार, किती वर्षं, कशासाठी, काहीच नोंद नाही. निषेध म्हणून कित्येकांनी फेब्रुवारीत आपले फोटो विक्रीतून काढून घेतले. ठोक विक्रीचा हा मासला पुढे फार मोठा होणार होता. मधल्या काळात अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या संकेतस्थळांनी फोटो फुकट वाटले आणि त्यातलं अनस्प्लॅश २०२१ मध्ये गेटीने, बाकीचे दोन २०१९ मध्ये कॅनव्हाने घेतले. फुकट वाटणाऱ्यांनाही शेवटी मोठ्या कंपन्यांच्याच छपराखाली जावं लागलं.

जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन लोकांच्या हाती आले. चार शब्द लिहिले की फोटोसारखं चित्र तयार. ऑक्टोबरमध्ये शटरस्टॉकने जाहीर केलं की ओपनएआयशी तिचं नातं २०२१ पासूनचं आहे आणि चित्र बनवणारं त्यांचं यंत्र शिकवायला शटरस्टॉकचा साठा वापरला गेला आहे. फोटोग्राफरांसाठी एक निधी ठेवला गेला. पुढे मेटासारख्या कंपन्यांशीही करार झाले आणि २०२३ या एका वर्षात या मार्गाने कंपनीने १० कोटी डॉलरहून अधिक मिळवल्याचं प्रसिद्ध झालं. अ‍ॅडोबीने २०१५ मध्ये ८० कोटी डॉलरना फोटोलिया घेऊन आपला साठा उभा केला होता. त्याच्यावर शिकवलेलं फायरफ्लाय हे चित्र बनवणारं यंत्र मार्च २०२३ मध्ये आलं आणि सप्टेंबरमध्ये फोटोग्राफरांना बोनस दिला गेला. तो ठरला मंजूर फोटो किती आणि त्यांचे परवाने किती विकले गेले यावरून.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा बदल आधीच्या सगळ्यांहून वेगळा आहे. आधी हिशेब ठेवला जात नव्हता. आता तो ठेवताच येत नाही. यंत्र कोट्यवधी फोटोंमधून आकार, प्रकाश, चेहरे यांच्या सवयी शिकतं. नंतर कोणी ‘पावसात छत्री घेतलेली बाई’ मागितली तर त्या चित्रात कोणाच्या फोटोचा किती वाटा, हे आजघडीला कोणीही भरवशाने सांगू शकत नाही. म्हणून पैसे वाटले जातात ते साठ्यातल्या संख्येवर किंवा जुन्या विक्रीवर. एखाद्याने जीव ओतून काढलेले पन्नास फोटो आणि दुसऱ्याने रंग बदलून चढवलेले पाच हजार, यांतल्या दुसऱ्याचं पारडं जड होण्याची शक्यताच जास्त. सर्वांत आधी फोटोतला माणूस वहीबाहेर गेला होता. आता त्याच्यामागून फोटो काढणाराही चालला आहे.

गेटीने वेगळी वाट धरली. सप्टेंबर २०२२ मध्ये यंत्राने बनवलेली चित्रं घेणं तिने बंद केलं आणि २०२३ च्या सुरुवातीला स्टेबल डिफ्यूजन बनवणाऱ्या स्टॅबिलिटी एआयवर लंडन आणि अमेरिकेत दावे लावले. १ कोटी २० लाख फोटो परवानगीशिवाय वापरल्याचा आरोप होता. पुरावा डोळ्यांना दिसणारा होता, यंत्राच्या काही चित्रांवर गेटीच्या वॉटरमार्कचा वेडावाकडा ठसा उमटत होता. तरी लंडनचा खटला फारसा टिकला नाही. यंत्र ब्रिटनमध्ये शिकवलं गेलं हे दाखवता येईना, म्हणून मुख्य आरोप गेटीला मागे घ्यावा लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की ते यंत्र फोटोंच्या प्रती साठवत नाही, त्यामुळे ते स्वतः बेकायदा प्रत ठरत नाही. वॉटरमार्कपुरतं, ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर, थोडं यश पदरी पडलं. दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉकने एकत्र येण्याची घोषणा केली होती. बहुतेक फोटोग्राफर या सगळ्यात पक्षकार नाहीत. त्यांचे फोटो आहेत, ते नाहीत.

मग यातून कमाई उरते कोणाला? पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं सफरचंद, हात मिळवणारे सूटबूटवाले, ऑफिसात हसणारी मंडळी: हा माल यंत्र आयता बनवतं आणि त्यावर पोट भरायचे दिवस संपले असं स्पष्ट सांगणं मला भाग आहे. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी हे घडलं आणि तिथे कॅमेरा होता, ही गोष्ट मात्र यंत्राला देता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझा युद्धाच्या काळात अ‍ॅडोबीच्या साठ्यातली यंत्राने बनवलेली स्फोटांची चित्रं काही संकेतस्थळांनी खरे फोटो म्हणून छापली. साठ्यात त्यांच्यावर यंत्रनिर्मित असं लिहिलेलं होतं, छापताना ते गळलं. अशा घटनांमुळे फोटोबरोबर त्याचा उगम सांगणारी खूण जोडायचे प्रयत्न जोरात आहेत. लायकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणलेल्या एम ११-पी कॅमेऱ्यात ती सोय मुळातच आहे. बातमीचे, खेळाचे, संग्रहातले जुने फोटो यांना म्हणून किंमत राहील. पण त्यांतला मोठा हिस्सा मैदानात आणि स्पर्धेत शिरायचे पास असणाऱ्या मोठ्या एजन्सींचाच आहे.

आपल्याकडच्या फोटोग्राफरला एक वेगळी जागा आहे, तीही अरुंद. ज्या गोष्टींचे फोटो साठ्यात मुळातच थोडे, त्या यंत्रालाही थोड्याच ठाऊक. मुंडावळ्या बांधलेला नवरा, नऊवारीचा काष्टा, कोकणातलं कौलारू घर पावसाळ्यासाठी शाकारण्याचं काम, पेरणीची तिफण, बेंदराला सजवलेले बैल. मराठी पाठ्यपुस्तकाला, मासिकाला, स्थानिक बँकेच्या पत्रकाला हे नेमकं हवं असतं आणि चुकलेला काष्टा इथल्या वाचकाच्या लगेच डोळ्यांत भरतो. असे फोटो थेट त्या प्रकाशकाला विकले, वापर लिहून घेतला, तर जुन्या रीतीचा हिशेब पुन्हा शक्य होतो. तेच फोटो जागतिक साठ्यात टाकले तर मात्र दहा सेंटच मिळतात आणि यंत्राची उणीवही आपणच भरून काढतो.

कायद्याने काय करता येईल याचं एक उदाहरण आपल्या देशातच आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातल्या गाण्याचे गीतकार आणि संगीतकार यांनी करारात काहीही लिहून दिलं तरी, चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्यांना सोडून देता येणार नाही असं ठरलं. जावेद अख्तर यांनी यासाठी राज्यसभेत आणि बाहेर चिकाटीने झुंज दिली. त्याच दुरुस्तीने फोटोच्या संरक्षणाची मुदत काढणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत वाढवली. पण गाण्यासारखा न सुटणारा वाटा फोटोला मिळाला नाही. कोणी मागितलाही नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने सुचवलं की यंत्र शिकवण्यासाठी सर्व प्रकारचं साहित्य वापरायला सक्तीचा परवाना द्यावा आणि त्याचा मोबदला एका मध्यवर्ती संस्थेमार्फत निर्मात्यांना वाटावा.

हे उद्या अमलात आलं तर गाण्यांचं जमेल, कारण मुंबईत १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे, तिच्याकडे सभासद आहेत आणि कोणतं गाणं कोणाचं याच्या नोंदी आहेत. फोटोग्राफरांची तशी संस्था नाही. फोटोच्या फाइलमध्ये काढणाऱ्याचं नाव लिहिण्याची सोय असते, पण समाजमाध्यमांवर टाकताना ते बहुधा पुसलं जातं. मोठ्या एजन्सींकडे मात्र प्रत्येक फोटोपुढे त्याच्या मालकाचा खाते क्रमांक आहे. फोटोग्राफरांनी मागायचं तर ते नेमकेपणाने मागायला हवं: माझे कोणते फोटो, कोणत्या करारात, कोणत्या कंपनीला, कोणत्या तारखेला गेले आणि त्या करारातल्या एकूण रकमेपैकी माझ्या खात्यात किती आले. यंत्राच्या पोटात काय झालं हे सांगता येत नसेल, पण दारातून काय बाहेर गेलं हे एजन्सींच्या वहीत नक्की लिहिलेलं असणार.